दातांचं ‘मोठं काम’ विद्यार्थी कसं शिकतात? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका डेंटल कॉलेजात कॅप, ब्रिज आणि कवळ्यांच्या विभागात शिकवते. माहेर राजेंद्रनगरचं, सासर लोकमान्यनगरचं. त्यामुळे गणपतीत आरती संपली की प्रसाद हातात पडायच्या आत कुणीतरी तोंड उघडून दाखवतंच. मुलं डेंटलला असलेले आईवडील वेगळं विचारतात, पेशंट वेगळं विचारतात आणि माझे विद्यार्थी तर रात्री अकरालाही विचारतात. म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

‘मोठं काम’ म्हणजे नक्की काय? एका दाताची कॅप आणि दहा दातांच्या कॅप यांत फरक फक्त आकड्याचाच ना?

तसं असतं तर आमचं निम्मं काम हलकं झालं असतं.

एका दाताला कॅप करताना तो दात किती उंच हवा, हे बाकीचं तोंडच सांगत असतं. समोरचा दात जागेवर आहे, शेजारचे आहेत. पेशंटने कागदावर दात मिटायचे, आपण निळे ठिपके बघायचे आणि जास्तीचं घासायचं.

आता साठीचे एक काका घ्या. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा दहा वर्षांपूर्वी काढल्या, पुन्हा बसवल्या नाहीत. सगळं चावणं पुढच्या दातांवर आलं, त्यात झोपेत दात खायची सवय. पुढचे दात झिजून निम्मे झाले. खाली अडवणारं कुणी नाही म्हणून वरच्या दाढा रिकाम्या जागेत उतरल्या. अशा तोंडात दाताची उंची सांगणारं काहीच उरलेलं नसतं, ती आपल्याला ठरवावी लागते. चेहऱ्याच्या ठेवणीवरून, ‘स’ आणि ‘फ’ कसे उमटतात त्यावरून, जबडा सैल सोडला की वरच्या-खालच्या दातांत जी दोन ते चार मिलिमीटरची फट राहते तिच्यावरून. ती फट पार खाऊन टाकली, तर पेशंटला दिवसभर तोंडात काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं.

हे ठरवणं म्हणजे मोठं काम. दात घासणं, माप घेणं, कॅप चिकटवणं हे त्या मानाने सोपं. पण विद्यार्थ्यांना घाई नेमकी त्याचीच असते.

बीडीएसला हे सगळं शिकवतात का?

सगळं नाही. बीडीएस ही दंतवैद्यकाची पहिली पदवी, म्हणजे चार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात. घरी आयांना वाटतं, ही कसली हस्तकला! पण सुळ्याचा उंचवटा कुठे येतो, हे बोटांना तिथेच कळतं. दुसऱ्या वर्षी फँटम हेड, म्हणजे प्लास्टिकचे दात बसवलेलं धातूचं डोकं. ही युक्ती जुनी आहे. ग्लासगोच्या ओस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये असं डोकं तयार केलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खरे पेशंट: फिलिंग, सोपी रूट कॅनाल, कवळी, एखादी कॅप. इंटर्नशिपमध्ये तीन दातांचा ब्रिज केला तरी पुष्कळ.

संपूर्ण तोंडाची पुनर्बांधणी (आम्ही तिला ‘फुल माउथ’ म्हणतो) एमडीएसच्या, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, तीन वर्षांत येते. बीडीएस झालेल्या मुलाकडून माझी अपेक्षा एवढीच, की गुंतागुंतीचं तोंड बघताक्षणी त्याला ओळखता यावं आणि त्याने पहिल्याच दिवशी बर (दात घासायचं फिरतं टोक) हातात घेऊ नये. ही अपेक्षा दिसते तेवढी लहान नाही.

माझी मुलगी फँटम हेडवर वर्गात पहिली होती. पेशंटवर मात्र तिचे हात थरथरतात. काही चुकतंय का?

काहीच नाही. फँटम हेडला जीभ नसते, थुंकी येत नाही, ते मधेच “मॅडम, पाणी” म्हणत नाही. मुख्य म्हणजे प्लास्टिकच्या दातात नस नसते.

धातू आणि पोर्सिलेनच्या कॅपसाठी चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर दात काढावा लागतो. तेवढ्या जागेत समोरासमोरच्या दोन भिंती मिळून सहाएक अंशांचा उतार द्यायचा, असं पुस्तक म्हणतं. प्रत्यक्षात मुलांच्या हातून पंधरा-वीस अंश सर्रास होतात, आणि शंकूच्या आकाराचा झालेला दात कॅप धरून ठेवत नाही. पेशंट एक दिवस रुमालात बांधून ती परत आणतो.

थरथर सहा महिन्यांत जाते. मला काळजी वाटते ती अजिबात न थरथरणाऱ्यांची.

मग पेशंटच्या आधी नेमकं काय करून घेता?

मेण लावून घेतो. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते शिकण्याचा गाभा इथेच आहे.

पेशंटच्या दातांची मापं घेऊन प्लास्टरची मॉडेल्स बनतात. फेसबो नावाच्या चौकटीने वरचा जबडा कानाजवळच्या सांध्यापासून किती लांब आणि कसा कललेला आहे, ते उतरवून घेतात आणि मॉडेल्स आर्टिक्युलेटरवर चढवतात. आर्टिक्युलेटर म्हणजे टेबलावरचा जबडाच. मग विद्यार्थ्याने तासन्‌तास बसून, स्पिरिटच्या दिव्यावर पातं तापवत, मेणाचे थेंब सोडत, झिजलेला प्रत्येक दात पुन्हा उभा करायचा. तोंडातला एकही दात अजून घासलेला नसतो.

गेल्या पावसाळ्यात एमडीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने (आम्ही त्यांना पीजी म्हणतो) चार दिवस खपून वरचे सहा दात उभे केले. फार देखणे केले होते. मी विचारलं, “ही पटाशी दीड मिलिमीटर लांब केलीस, ती का?” म्हणाली, “मॅडम, हसताना छान दिसेल.” मी आर्टिक्युलेटरचा खालचा जबडा पुढे सरकवला. खालचे दात तिच्या नव्या दातांच्या टोकांवर आपटले आणि मेणाचा कोपरा टपकन टेबलावर पडला. ती गप्प. मेण होतं, दुपारपर्यंत पुन्हा लागलं. पोर्सिलेन असतं, तर तो कोपरा कुणाच्या तरी वरणभातात सापडला असता.

मेण पटलं की त्याचा सिलिकॉनचा साचा काढायचा, त्यात टेम्पररीचं, म्हणजे तात्पुरत्या दातांचं, मटेरियल भरून, दात न घासताच पेशंटच्या तोंडात बसवून दाखवायचं. पेशंट आरशात बघतो, चार वाक्यं बोलतो. या टप्प्यावर पेशंटने ‘नको’ म्हटलं, तरी कुणाचंच नुकसान झालेलं नसतं. एकदा एका आजींनी आरसा परत देत सांगितलं, “बाई, मला नटीसारखं करू नका. भाकरीचा घास चावता आला की झालं.” विद्यार्थ्याची सगळी योजना त्या एका वाक्याने बदलली: दहा कॅपच्या चार कॅप झाल्या आणि काढता येणारी एक अर्धी कवळी. मला तीच योजना जास्त आवडली.

कामाला इतके महिने का लागतात? शहरात जाहिराती तर तीन दिवसांत नवे दात देतात.

देतात खरे. कुणाला कशाची घाई असेल, मी कोण बोलणार! पण आम्ही विद्यार्थ्यांना जो क्रम शिकवतो, तो तीन दिवसांत मावत नाही. आधी दुखणं थांबवायचं. मग हिरड्यांची सूज आणि किडी आवरायच्या, वाचणार नाहीत ते दात काढायचे. मग वाढवलेल्या उंचीवर तात्पुरते दात देऊन थांबायचं. पेशंटचा जबडा, स्नायू, जीभ त्या उंचीला हो म्हणतात का, ते पाहायचं. मगच कायमचं काम. याउलट केलं, तर आधी कळस मग पाया.

माझीच गोष्ट सांगते. मी एमडीएस करत होते, परीक्षेला केस दाखवायची होती आणि दिवस कमी होते. उंची वाढवलेल्या टेम्पररी दोनच आठवडे ठेवल्या आणि कायमच्या कॅप चिकटवल्या. परीक्षकांनी कौतुक केलं. महिन्याभरात पेशंट कानशिलं दाबत परत आले. रात्री जबडा ठणकायचा, एका कॅपचं पोर्सिलेन उडालं होतं. सहा कॅप कापून काढाव्या लागल्या. स्वतः लावलेली कॅप स्वतः कापताना जो आवाज येतो, तो अजून कानात आहे. मार्क मिळाले होते, ते मात्र कुणी परत घेतले नाहीत.

थांबण्याचा उपयोग दाखवायला मी मुलांना डाल यांची पद्धत सांगते. नॉर्वेच्या या दंतवैद्याने १९७५ मध्ये एका झिजलेल्या तोंडात वरच्या पुढच्या दातांमागे धातूची एक पातळ पट्टी बसवली. मागच्या दाढा त्यामुळे एकमेकींना टेकेनाशा झाल्या. काही महिन्यांत त्या आपापल्या सरकून पुन्हा टेकल्या, आणि पुढच्या दातांना हवी ती जागा दात न घासता मिळाली. आता पट्टीऐवजी बहुधा कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल, लावतात. पेशंट पहिल्या आठवड्यात विचारतात, “दाढा टेकतच नाहीत, पोळी कशी चावू?” मऊ खा, धीर धरा, हेच उत्तर. हे उत्तर चेहरा शांत ठेवून देणं, हाही अभ्यासक्रमाचा भाग समजा.

इंदूरच्या पेशंटांत काही वेगळं असतं का?

असतं, आणि पुस्तकं ते पुरेसं सांगत नाहीत.

पहिली गोष्ट सुपारी आणि गुटखा. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, देशात सर्वांत आधी. पण मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी आणि दोन्ही तळहातावर एकत्र, हे टपरीवर रोज दिसतं. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठरते, पांढरट पट्टे येतात आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी शिरतात, साधारण ४० मिलिमीटर. आमच्याकडे पंचविशीतली मुलं दोन बोटांवर येतात. एअरोटरचं, म्हणजे दात घासायच्या यंत्राचं, डोकं आणि बर मिळूनच वीसेक मिलिमीटर होतात. शेवटच्या दाढेवर सरळ हात पोहोचणार कुठून? अशा पेशंटची योजना दातांपासून सुरूच होत नाही. आधी सुपारी सोडवणं, ओरल मेडिसिन विभागाकडे पाठवणं, तोंड उघडण्याचे व्यायाम. आणि हा पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारा आजार आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट धार आणि झाबुआकडून येणारे पेशंट. तिथल्या बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी, खड्डे पडलेले. सोयरीक जमवायच्या आधी मुलीला घेऊन आईवडील येतात, “सब पर कॅप चढ़ा दो”. वीस वर्षांच्या मुलीचे धडधाकट दात रंगासाठी खोडापर्यंत घासायचे? आधी ब्लीचिंग, मग डागाचा वरचा पापुद्रा हलका घासून बघायचा, मग कंपोझिट. फ्लोराइडने बदललेल्या इनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) अॅसिड एचिंग, म्हणजे कंपोझिट चिकटावं म्हणून अॅसिडने तो थर खरखरीत करणं, नेहमीसारखं बसत नाही, जास्त वेळ द्यावा लागतो, हे प्रत्यक्ष करूनच कळतं.

आणि मिश्री. आपल्या मराठी आज्यांनी हे व्यसन इतकी वर्षं मंजन म्हणून खपवलं, की हिरडीलगत खाचा पडलेले दात पाहिले की मी आडनाव न विचारताच मराठीत बोलायला लागते.

सराफ्याला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजाराला, दोष द्यायची पद्धत आहे. मी देणार नाही. रात्री अकराला जिलबी खाऊन चूळ न भरता झोपणं ही सराफ्याची चूक नव्हे.

पडलेली प्रत्येक दाढ बसवलीच पाहिजे का?

नाही. नेदरलँड्सच्या कायझर यांनी १९८१ मध्ये मांडलं, की पुढचे दात आणि उपदाढा नीट जुळत असतील, तर मागच्या दाढांशिवायही पुष्कळ माणसांचं चावणं व्यवस्थित चालतं. ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांना तर हा विचार वरदान आहे. विद्यार्थ्याने योजनेत ‘इथे काही करायचं नाही’ असं लिहिलं आणि कारण दिलं, तर मी पूर्ण मार्क देते. बरेच परीक्षक देत नाहीत.

इम्प्लांट लावले की हे सगळे प्रश्न सुटतात ना?

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी टायटॅनियमचे स्क्रू, बसवले, तेव्हापासून ते भरवशाचे ठरत आलेत, यात वाद नाही. पण नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. तिच्यामुळे दोन दातांमध्ये २० मायक्रॉनच्या आसपास जाडीची पट्टी आली तरी कळते, म्हणजे केसाहूनही बारीक. इम्प्लांट थेट हाडात घट्ट, त्याला एवढं बारीक कळत नाही. म्हणून बाइट (वरखालच्या दातांची जुळणी) चुकलेला असला, तर दात कुरकुरतो आणि इम्प्लांट गप्प बसून एके दिवशी स्क्रू तोडतो. बाइट न शिकता इम्प्लांटचे दोन दिवसांचे कोर्स करणाऱ्या मुलांना मी हे सांगते. ऐकतात की नाही, माहीत नाही.

आईचं काम कॉलेजात विद्यार्थ्याकडून करून घ्यावं का? खरं सांगा.

खरं सांगते. खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी, बहुतेक लॅबचाच. प्रत्येक पायरीवर शिक्षक बघतो आणि सही करतो. सही नसेल तर विद्यार्थी पुढे जाऊ शकत नाही. खासगी दवाखान्यात तासात होणारं काम इथे अर्धा दिवस खातं. फुल माउथला पंधरा-वीस फेऱ्या धरून चाला. परीक्षा आल्या की मध्ये खंड पडतो. आईला गुडघ्यांमुळे जिना चढणं होत नसेल किंवा सोबत यायला कुणी नसेल, तर नका आणू.

इंदूरला सरकारी डेंटल कॉलेज १९६१ पासून आहे, एमवाय हॉस्पिटलच्या समोर, शिवाय खासगी कॉलेजंही बरीच. कुठेही गेलात तरी पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारा: लेखी योजना मिळेल का, आणि हा विद्यार्थी पास होऊन गेला तर पुढे कोण बघणार? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला, तर थोडं थांबा.

विद्यार्थ्यांच्या कोट्याबद्दल काहीबाही ऐकलं. ते काय प्रकरण?

प्रत्येकाला ठरावीक आकडा पुरा करावा लागतो: इतक्या रूट कॅनाल, इतक्या कॅप, इतक्या कवळ्या. आकडा नसता तर काही मुलांनी बर हातात घेतलाच नसता, हे मान्य. पण शेवटच्या महिन्यात मुलं रिक्षाभाडं देऊन पेशंट आणतात, एकमेकांच्या आत्या-मावशा चेअरवर बसवतात, आणि लक्ष असतं ते फक्त रकान्यातल्या सहीकडे. वीस तोंडांत वीस कॅप केलेल्या मुलाने वीस कॅपचं एक तोंड पाहिलेलं नसतं. काल कॅप केलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं का, हे विचारलं तर त्याला आठवत नाही, कारण हिरड्या दुसऱ्या विभागाच्या.

माझं चाललं तर मी इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाला एकच पेशंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत देईन, सगळ्या विभागांतून त्याच्यासोबत फिरायला लावीन आणि व्हायवा त्याच्यावरच घेईन. मीटिंगमध्ये हे दोनदा मांडलं. दोन्ही वेळा चहा आला.

आता स्कॅनर आलेत. मेण, प्लास्टर हे जुनंपुराणं कशाला?

स्कॅनर मला आवडतो. विद्यार्थ्याने घासलेला दात पडद्यावर तळहाताएवढा दिसतो आणि उताराचे अंश मशीनच सांगतं, मला ओरडावं लागत नाही. पण दाताची उंची किती ठेवायची, ते मशीन विचारतं, सांगत नाही.

बीडीएस इथे करून मुलाला इंग्लंडला जायचंय. हे शिक्षण तिथे चालतं का?

थेट नाही. तिथे नोंदणीसाठी ओआरई नावाची दोन भागांची परीक्षा आहे. दुसऱ्या भागात पुन्हा तेच फँटम हेड समोर येतं, आणि उपचारांची योजना आखायची स्वतंत्र परीक्षाही असते. कोटा भरून पास झालेली मुलं माझ्या अनुभवात तिथेच अडकतात.

मोठं काम पूर्ण झालं. आता विद्यार्थ्याचा आणि आमचा संबंध संपला?

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी पेशंटला बोलावतात, आणि बहुतेक वेळा काम केलेली मुलगी तोवर पास होऊन गेलेली असते. फाइल पुढच्या पीजीकडे जाते. पेशंट नाराज होतात, “वो वाली डॉक्टर कहाँ गई?” नव्या मुलाला मात्र यातूनच सगळ्यात जास्त कळतं. दुसऱ्याने केलेल्या कामाला कुठे झीज आली, कुठे हिरडी लाल झाली, कुठली कॅप अजून ठिपक्याला ठिपका जुळवून उभी आहे. म्हणून आपलं काम छान चाललंय, दुखत नाही, तरीही या.

तपासणीला येताना काय आणायचं?

जुनी फाइल, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि रात्री दातांवर लावायचं गार्ड. गार्ड धुऊन डबीत ठेवून आणा, पदराला पुसून नको. आणि पोहे-जिलबी खाऊन येणार असाल तर खाली नळ आहे, चूळ भरून वर या.